'वाय-वाय विरोधाभास' : एका प्रतिमेचे वाचन आणि उदरमेदाच्या मोजणीचे प्रश्न

प्रस्तावना

वैद्यकीय संशोधनाच्या क्षेत्रात काही लेख त्यांच्या विस्तारामुळे नव्हे, तर त्यांतील एखाद्या चित्रामुळे स्मरणात राहतात. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ च्या जानेवारीत 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले 'वाय-वाय विरोधाभास' हे एकपानी टिपण या प्रकारचे आहे. दोघांच्या आडनावांचे इंग्रजी आद्याक्षर एकच असल्याने त्यास हे नाव मिळाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय, २२.३ होता. तथापि डेक्सा या द्विऊर्जा क्ष-किरण तंत्राने शरीरातील चरबी मोजली असता युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळली. टिपणात दोघांचे छायाचित्र आणि हे आकडे शेजारी शेजारी दिलेले आहेत.

गेल्या दोन दशकांत हे चित्र देशोदेशींच्या व्याख्यानांत, पाठ्यपुस्तकांत व वृत्तपत्रीय लेखांत असंख्य वेळा दाखविले गेले. 'दिसायला सडपातळ, पण आतून मेदयुक्त भारतीय' या कल्पनेचे ते जणू बोधचिन्हच ठरले. पुढे पुढे तर भारतीयांच्या पोटातील चरबीचा पुरावा म्हणूनही ते सर्रास दाखविले जाऊ लागले. हे चित्र नेमके काय सिद्ध करते, काय करीत नाही आणि प्रौढांच्या उदरातील मेद प्रतिमातंत्राने मोजण्याविषयी त्यातून कोणता बोध घ्यावा, याची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

टिपणाचे सामर्थ्य

प्रथम या टिपणाचे श्रेय मान्य केले पाहिजे. बीएमआयमागील सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. केटले यांना 'सरासरी माणसा'चे गणित हवे होते, व्यक्तीच्या आरोग्याचे निदान नव्हे. १९७२ मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सूत्रास आजचे नाव देऊन लोकसमूहांच्या अभ्यासासाठी त्याची शिफारस केली. पुढे हेच साधन दवाखान्यात व्यक्तीचा निवाडा करू लागले. वजनाचा काटा हाड, स्नायू आणि चरबी यांत भेद करीत नाही, ही उघड गोष्ट त्या सोयीच्या सूत्रामागे झाकली गेली. ती पुन्हा उघडी करण्यासाठी हजारो व्यक्तींच्या पाहणीची गरज नाही, दोन व्यक्तीही पुरेशा आहेत. 'समान बीएमआय म्हणजे समान चरबी' हे विधान सार्वत्रिक असेल, तर एकच विरुद्ध उदाहरण ते खोटे ठरविते. तर्कदृष्ट्या या टिपणाचे बळ येथे आहे आणि तेवढ्यापुरते ते अभेद्य आहे.

लेखकांनी आपला दावाही मर्यादितच ठेवला होता. ही प्रतिमा निरनिराळ्या लोकसमूहांत बीएमआयच्या मर्यादांचे स्मरण करून देते, इतकेच त्यांचे म्हणणे होते. किंबहुना चित्रातील फरकाला दुसरी कारणे असू शकतात, हेही त्यांनी विनोदाच्या अंगाने नोंदविले. युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या उद्‌वाहकाची दारे मिटण्यापूर्वी आत शिरण्यासाठी केलेली धावपळ. याज्ञिक यांचे जन्मवजन कमी होते आणि गर्भावस्थेतील कुपोषणाचा या मेदाशी संबंध असू शकतो, असेही त्यात सुचविले आहे. आनुवंशिकतेचा वाटा किती, हा प्रश्न त्यांनी खुला ठेवला.

वाचनातील तीन गफलती

हा मिश्किल तपशील चित्राच्या पुढील प्रवासात गळून पडला आणि चित्र एकटेच उरले. त्यातून तीन गफलती निर्माण झाल्या.

पहिली गफलत व्यक्ती आणि समूह यांच्यातील आहे. एक विरुद्ध उदाहरण सार्वत्रिक विधान मोडू शकते, पण नवे सार्वत्रिक विधान उभारू शकत नाही. एका भारतीयात एका ब्रिटिशापेक्षा अधिक चरबी आढळली, यावरून 'भारतीयांत अधिक चरबी असते' असे अनुमान निघत नाही. तसे अनुमान इतर अभ्यासांवर आधारता येईल. मात्र तो आधार त्या अभ्यासांचा असेल, या चित्राचा नव्हे.

दुसरी गफलत कारणमीमांसेची आहे. तुलना मॅरेथॉन धावणारा आणि न धावणारा यांच्यात आहे. ती वंशांची तुलना म्हणून वाचताना व्यायामाचा घटक डोळ्यांआड केला जातो. लेखकांनी जे प्रामाणिकपणे सांगितले, तेच वाचकांनी वगळले.

तिसरी गफलत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. या टिपणातील २१.२ आणि ९.१ हे आकडे संपूर्ण शरीरातील चरबीचे आहेत, पोटातील नव्हेत. डेक्सा तंत्र दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून सोडून त्यांच्या क्षीणनातील फरकावरून हाड, चरबी व चरबीविरहित ऊती यांचे प्रमाण काढते. त्यातून मिळते ती सपाट छाया. धडाच्या भागात एकूण चरबी किती, हे ते सांगू शकते. परंतु ती चरबी त्वचेखाली आहे की आतड्यांभोवती, हा भेद त्या छायेत थेट दिसत नाही. अलीकडची उपकरणे गणिती प्रतिमानाच्या साहाय्याने आतील चरबीचा अंदाज देतात, पण तो अंदाजच असतो आणि त्याचे प्रमाणीकरण सीटी स्कॅनशीच ताडून झालेले असते. म्हणजे ज्या चित्राच्या आधारे भारतीय पोटाची चर्चा होते, त्या चित्राने पोटातील चरबीचे स्थान मोजलेलेच नाही.

स्थानाचा प्रश्न

चरबी किती आहे यापेक्षा ती कोठे आहे हे महत्त्वाचे, हा विचार प्रतिमातंत्रांहून जुना आहे. मार्से येथील वैद्य जाँ व्हाग यांनी १९४७ मध्ये धडाच्या वरच्या भागातील आणि नितंब-मांड्यांवरील स्थूलतेत भेद करून पहिल्या प्रकाराचा मधुमेहादी विकारांशी संबंध दाखविला. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील दीर्घकालीन पाहणीने १९८४ मध्ये कंबर व नितंब यांच्या घेरांच्या गुणोत्तराचा हृदयविकाराशी असलेला संबंध पुढे आणला. या दोन्ही टप्प्यांवर साधने बाह्य होती. पोटाच्या आत पाहण्याची सोय झाली ती सीटी स्कॅनमुळे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाची प्रतिमा घेतली आणि १९७९ मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर आणि हवा उणे १००० वर असते. चरबी साधारणपणे उणे १९० ते उणे ३० या पट्ट्यात येते. त्यामुळे प्रतिमेतील या पट्ट्यातील बिंदू मोजले की चरबीचे क्षेत्रफळ मिळते आणि पोटाच्या स्नायूंची भिंत ही सीमारेषा धरली की त्वचेखालील व आतील चरबी वेगळी काढता येते.

जपानमधील ओसाका येथे युजी मात्सुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ पासून हे तंत्र विकसित केले. याच परंपरेतील १९८७ च्या अभ्यासात आतील आणि त्वचेखालील चरबीचे गुणोत्तर ग्लुकोज व मेदाच्या चयापचयातील बिघाडाशी निगडित आढळले. सुमो मल्लांचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. प्रचंड घेराच्या त्या पोटांत चरबी मुख्यतः त्वचेखाली आढळली आणि नित्य सरावात असेपर्यंत त्यांच्या चयापचयात अपेक्षित बिघाड दिसला नाही. मोजपट्टीला जे पोट भयंकर वाटावे, ते आतून तसे नव्हते.

'वाय-वाय' टिपणाच्याच वर्षी, २००४ मध्ये, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सॅम्युएल क्लाइन व सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालची सुमारे दहा किलो चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढण्यात आली. दहा-बारा आठवड्यांनंतर तपासले असता इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब वा रक्तातील मेद यांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. चरबीच्या एकूण राशीचा आकडा मोठ्या प्रमाणात बदलूनही चयापचय बदलला नाही. हे दोन लेख शेजारी ठेवून वाचले, तर 'वाय-वाय' टिपणातील एकूण टक्केवारीवर रोगाचा धोका थेट आरोपित करणे किती अपुरे आहे, हे ध्यानात येते.

प्रतिमेतील आकड्याची घडण

मग सीटी अथवा एमआरआय यांनी मिळालेला आकडा तरी अंतिम मानावा काय? येथेही सावधगिरी आवश्यक आहे. बहुतेक अभ्यासांत संपूर्ण पोटाचे आकारमान मोजले जात नाही, एकाच आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मोजले जाते. पाश्चात्त्य अभ्यासांत हा छेद बहुधा कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या दरम्यान, तर जपानी अभ्यासांत बेंबीच्या पातळीवर घेतला जातो. बेंबीची पातळी मणक्यांच्या संदर्भात व्यक्तीगणिक बदलते. शिवाय २००४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका एमआरआय अभ्यासात असे आढळले, की आतील चरबीच्या एकूण आकारमानाशी सर्वाधिक मेळ बसतो तो रूढ पातळीच्या पाच ते दहा सेंटिमीटर वरच्या छेदाचा. वजन घटवण्याच्या काळात तर एकाच छेदावरून आतील चरबीतील बदलाचा अचूक अंदाज येत नाही, हेही पुढे दिसून आले. म्हणून 'आतील चरबी अमुक चौरस सेंटिमीटर' हे विधान छेदाच्या पातळीविना अपूर्ण आहे.

मर्यादारेषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. जपानमध्ये बेंबीच्या पातळीवर १०० चौरस सेंटिमीटर ही आतील चरबीची धोक्याची सीमा ठरविण्यात आली आणि तिच्याशी जुळणारा कमरेचा घेर पुरुषांसाठी ८५ व स्त्रियांसाठी ९० सेंटिमीटर असा निश्चित झाला. २००५ च्या जपानी निकषांत हे आकडे आले आणि २००८ पासून ४० ते ७४ वर्षे वयोगटाच्या राष्ट्रीय आरोग्य तपासणीत ते वापरात आले. याउलट भारतीयांसाठी रूढ असलेले आकडे पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर असे आहेत. एका ठिकाणी स्त्रियांची मर्यादा पुरुषांपेक्षा जास्त, तर दुसऱ्या ठिकाणी कमी. शरीरे एकाएकी उलटी झालेली नाहीत, उलटी झाली आहे ती मोजण्याची रीत. जपानी पद्धतीत स्त्री-पुरुषांसाठी आतील चरबीची एकच सीमा धरली गेली. स्त्रियांत त्वचेखालील चरबी अधिक असल्याने तेवढीच आतील चरबी मोठ्या घेरात आढळते. म्हणजे प्रतिमेची अचूकता कितीही असली, तरी सीमारेषा आखणारा निर्णय प्रतिमेत नसतो. तो अभ्यासकांच्या गृहीतकात असतो.

याशिवाय किरणोत्साराचा मुद्दा दुर्लक्षिता येत नाही. पोटाच्या पूर्ण सीटी तपासणीत माणसाला निसर्गातून वर्षभरात मिळणाऱ्या सरासरी २.४ मिलिसिव्हर्टपेक्षा कितीतरी अधिक मात्रा मिळते. एका छेदापुरती ती बरीच कमी असते, तरीही निरोगी माणसांची केवळ चरबी मोजण्यासाठी हा मार्ग सरसकट स्वीकारणे समर्थनीय नाही. एमआरआयमध्ये हा धोका नसतो, पण खर्च, वेळ आणि यंत्रांची उपलब्धता यांच्या मर्यादा आहेत.

भारतीय पोटाविषयीचा पुरावा

भारतीयांच्या उदरमेदाविषयी प्रत्यक्ष छेद-प्रतिमांचा पुरावा काय सांगतो? बॉस्टन येथील २००१ च्या अभ्यासात समान बीएमआयच्या प्रत्येकी बारा व्यक्तींची तुलना होती आणि भारतीयांत पोटातील एकूण तसेच आतील चरबी अधिक आढळली. व्हँकूव्हर येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८२२ व्यक्तींच्या सीटी अभ्यासातही दक्षिण आशियाई व चिनी वंशाच्या लोकांत, एकूण चरबी विचारात घेता, आतील चरबी युरोपीय वंशीयांपेक्षा अधिक दिसली. पण त्याच वर्षी डॅलस येथून आलेल्या, २९ दक्षिण आशियाई व १८ गौरवर्णीय पुरुषांच्या अभ्यासात आतील चरबी दोन्ही गटांत जवळपास सारखी होती. फरक होता तो एकूण चरबीत, त्वचेखालील चरबीपेशींच्या आकारात आणि इन्सुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादात. म्हणजे दोष आतील चरबीच्या राशीत आहे की त्वचेखालील चरबीच्या साठवणक्षमतेत, हा वाद 'भारतीयांच्या पोटात चरबी असते' या एका वाक्याने मिटत नाही.

त्यातच २००९ मध्ये क्लाइन यांच्याच गटाने असे दाखविले, की आतील चरबी समान ठेवून तुलना केली असता चयापचयातील बिघाड यकृतातील चरबीबरोबर चालतो आणि यकृतातील चरबी समान ठेवली असता आतील चरबीतील फरकाला फारसे महत्त्व उरत नाही. त्यामुळे उदरमेदाचा आकडा हा रोगाचे मूळ आहे की यकृतात चाललेल्या घडामोडींची केवळ खूण, हा प्रश्न उभा राहतो.

आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. वरील तिन्ही तुलना उत्तर अमेरिकेतील शहरांत झालेल्या आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयाचे पोट आणि दौंड वा शिरूर तालुक्यात शेतावर राबणाऱ्या माणसाचे पोट एकच मानता येणार नाही. दिल्लीत २००८ च्या सुमारास एमआरआय प्रमाण धरून शरीराच्या बाह्य मापांवरून उदरमेदाचे अनुमान करणारी सूत्रे मांडली गेली, हा योग्य दिशेचा प्रयत्न होता. पण ग्रामीण महाराष्ट्रातील प्रौढांविषयी त्यावरून थेट निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

या संदर्भात याज्ञिक यांचे खरे मौलिक कार्य चित्रात नसून अन्यत्र आहे, याची नोंद आवश्यक आहे. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते सुमारे ३.५ किलो होते. पुण्याची बालके सर्वच मापांनी लहान होती, पण पाठीवरील त्वचेच्या घडीची जाडी तुलनेने टिकून होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष कोणत्याही स्कॅनमधून आलेला नाही, तो साध्या कॅलिपरने घेतलेल्या मापांतून आला. पुढे २००९ मध्ये पुणे व लंडन येथील नवजातांच्या एमआरआय अभ्यासाने पुण्याच्या बालकांत पोटाच्या आतील व त्वचेखालील दोन्ही चरबी अधिक असल्याचे दाखवून त्यास पुष्टी दिली. आधी गावोगावी साध्या मापांनी प्रश्न उभा करायचा आणि मग प्रतिमेने तो पडताळायचा, हा क्रम अनुकरणीय आहे. जगाने मात्र गाजविले ते दोन पुरुषांचे छायाचित्र.

व्यवहारातील परिणाम

ही चर्चा केवळ पांडित्याची नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, एकूण स्थूलतेचे २८.६ टक्के, तर उदरस्थूलतेचे ३९.५ टक्के असल्याचे सांगितले. यातील अखेरचा आकडा मोजपट्टीने घेतलेल्या कंबरेच्या घेराचा आहे. तो आतील चरबीचा आकडा म्हणून उद्धृत करणे चुकीचे, पण म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. उपकेंद्रावरील परिचारिकेच्या हातात जे साधन देता येते, ते मोजपट्टीच आहे.

२०२५ च्या जानेवारीत 'द लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रिनॉलॉजी'ने नेमलेल्या आयोगाने केवळ बीएमआयवरून व्यक्तीच्या स्थूलतेचे निदान करू नये, कंबरेचा घेर यांसारख्या मापाने किंवा चरबीच्या थेट मोजणीने त्याची खातरजमा करावी, अशी शिफारस केली. 'वाय-वाय' टिपणाने दोन दशकांपूर्वी दिलेला इशारा अशा रीतीने अधिकृत झाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्याबरोबर थेट मोजणीची मागणी वाढणार आणि शहरी तपासणी केंद्रांतून चरबीची टक्केवारी छापलेले अहवाल अधिकाधिक लोकांच्या हाती पडणार. त्या कागदावर मोजलेली चरबी सर्व शरीराची की पोटाची, पोटाची असल्यास आतील की बाहेरील, कोणत्या पातळीवरील छेदाची आणि कोणत्या लोकसमूहाच्या प्रमाणाशी ताडलेली, हे नमूद नसेल, तर तो आकडा बीएमआयइतकाच आंधळा राहील. फरक एवढाच, की तो अधिक महाग असेल.

'सडपातळ पण मेदयुक्त' ही संज्ञा भाकित म्हणून वापरली जाण्याचा धोकाही आहे. कृश मजुराला 'तुमच्या जातकुळीतच चरबी आहे' असे सुचविणे आणि त्याच्या आईच्या गरोदरपणातील पोषण, त्याचे काम व त्याचा आहार यांचा विचार टाळणे, हे या संशोधनाच्या मूळ प्रेरणेलाच विसंगत आहे.

समारोप

'वाय-वाय' टिपणाने एका सोयीच्या निर्देशांकाचा अहंकार उतरविला, हे त्याचे स्थायी योगदान होय. मात्र त्यातून उदरमेदाचे स्थान, भारतीयत्वाचे लक्षण किंवा रोगाचे कारण वाचणे म्हणजे त्याच्या लेखकांनी न केलेला दावा त्यांच्या माथी मारणे आहे. प्रतिमातंत्र उदरातील चरबीची जागा दाखवू शकते. त्या जागेचा अर्थ छेदाची पातळी, तुलनेचा गट, सीमारेषेमागील गृहीतक आणि व्यक्तीचा जीवनेतिहास यांतून ठरतो. मोजपट्टी, कॅलिपर आणि स्कॅन ही एकमेकांची प्रतिस्पर्धी साधने नव्हेत. गावपातळीवर मोजपट्टी, संशोधनात तिचे प्रमाणीकरण करण्यासाठी एमआरआय आणि निदानाच्या प्रसंगी विशिष्ट प्रश्न असल्यासच स्कॅन, अशी विभागणी सद्यःस्थितीत अधिक न्याय्य ठरते. महाराष्ट्रातील ग्रामीण प्रौढांच्या उदरमेदाचा सुव्यवस्थित प्रतिमाभ्यास व्यापक प्रमाणावर हाती घेणे ही यापुढील निकड आहे. तोपर्यंत वर्गात हे प्रसिद्ध चित्र दाखविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने त्यासोबत मॅरेथॉनचा आणि उद्‌वाहकाच्या दारांचा तपशीलही सांगावा, कारण त्या तपशिलाविना चित्राचे वाचन पूर्ण होत नाही.